आईंचे दुपारचे घास

आई,

केंद्रातल्या तुमच्या पलंगावर परवा माटुंग्याच्या एक आजी आल्या. खिडकीपाशी बसून त्या दिवसभर खालच्या रस्त्यावरच्या हॉर्नवाल्यांशी भांडतात. बायकांच्या बाजूला माझं तसं काही काम नसतं. तरी जेवणाच्या सुट्टीत पाय आपोआप तिकडे वळतात. काल शोभाताईंनी दारातच अडवलं. "मिलिंद, कुठे निघालास?" मी म्हटलं, "सवय." त्यांनी माझ्या खांद्यावरून नजर दुसरीकडे वळवली आणि चादरी घेऊन आत गेल्या.

तुम्ही गेल्यापासून जो भेटतो तो माझं कौतुक करतो. "जावई असावा तर असा." "मुलानं केलं नसतं एवढं केलंत." तुमचा संतोष, पोटचा मुलगा, बदलापूरहून आला तो माझ्या गळ्यात पडून रडला. मी पाठीवर थोपटत राहिलो, पण त्याच्या डोळ्याला डोळा देता येईना. म्हणून हे तुम्हाला लिहितोय. बाकी कुणाला सांगू?

तुम्हाला आई म्हणायला सुवर्णानं सांगितलं. रजिस्टर लग्न करून आम्ही तुमच्या पाया पडायला लालबागला आलो, तेव्हा जिन्यातच ती म्हणाली, "मामी नको म्हणूस, आई म्हण. तिला सोपं जाईल." सोपं गेलं असं मला कधी वाटलं नाही. तुम्ही मला काहीच म्हणाला नाहीत. ना मिलिंद, ना जावयबापू. ना तू, ना तुम्ही. मी समोर खुर्चीत बसलेला असायचो आणि तुम्ही ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या राहून सांगायचात, "सुवर्णा, चाय झाली म्हणान सांग." त्या एवढ्याशा खोलीत सुवर्णा माझ्याकडे वळून म्हणायची, "चहा झालाय रे." आणि आम्ही दोघं हसू दाबायचो. चहा मात्र तुम्ही चांगला करायचात. आलं ठेचून, साखर जरा जास्त.

आमच्याकडे घोडपदेवला तुम्ही यायचात ते पाण्याची बाटली पिशवीत घेऊन. सोमवारी आलात तर शंकराचा उपास, मंगळवारी गणपतीचा, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा. सुवर्णा हट्टानं म्हणाली, "आई, तू रविवारी ये." तुम्ही रविवारी आलात आणि दारातच म्हणालात, "आज नेमकी एकादशी गो." आम्ही बौद्ध, तुम्ही कुडाळकडच्या मराठा, हे वाक्य त्या घरात कुणी कधी उच्चारलं नाही. तुम्हीही नाही. माझी आई गुपचूप ताट झाकून ठेवायची आणि तुम्ही गेल्यावर तेच ताट मी खायचो. पुढच्या वेळी तुम्ही येणार म्हटलं की माझी आई भायखळ्याला आपल्या बहिणीकडे जायची.

तुम्ही बोललात ते माझ्या कामाबद्दल. कंपनी बंद पडल्यावर मी रुग्णसेवेचा कोर्स केला आणि परळच्या या वृद्धांच्या केंद्रात लागलो, ते तुम्हाला सहन झालं नाही. चाळीत सांगायचात, "जावय हास्पिटलात आसत." काय करतात, कुणी विचारलं तर, "मोठ्या हुद्द्यार." आणि एकदा मी समोर असतानाच सुवर्णाला म्हणालात, "माणूस वायट नाय गो. पण लोकांचा गू-मूत काढूचा, ह्या काय काम झाला? लोकांक काय सांगू?"

त्या दिवशी मी पहिल्यांदा तुम्हाला थेट उत्तर दिलं. म्हटलं, "आई, तुम्ही पण तुमच्या सासूबाईंचं केलंतच की. अंथरुणात होत्या तेव्हा."

तुम्ही ओट्याकडून वळलात. त्या दिवशी प्रथमच तुम्ही माझ्याकडे बघून बोललात.

"ती माझी होती. पैशे घेवन नाय केलंय."

माझ्याकडे उत्तर होतं. पण सुवर्णानं चहाचा कप माझ्या हातात कोंबला आणि विषय तिथेच तुटला. ते उत्तर मी पुढे कितीतरी वेळा मनात घोकलं. आजोबांची दाढी करताना, कुणाची कूस बदलताना. पैसे घेतले म्हणून काय हात खोटा होतो? घरच्यांना जमत नाही तेव्हाच लोक माझ्यासारख्याकडे येतात ना? एकदा तुम्हाला हे सगळं ऐकवायचं, असं ठरवून होतो.

मग तुम्हालाच झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. संतोषच्या घरी दोघंही नोकरीला, सुवर्णा दादरच्या साड्यांच्या दुकानात रात्री उशिरापर्यंत. महिनाभर सगळ्यांनी ओढाताण केली आणि शेवटी तुम्हाला आमच्या केंद्रात आणलं. स्ट्रेचर लिफ्टमधून बाहेर आलं तेव्हा मी पॅसेजमध्ये एका आजोबांचं शौचाचं भांडं रिकामं करायला घेऊन चाललो होतो. तुम्ही पाहिलंत आणि मान भिंतीकडे केलीत. मीही दोन पावलं मागे सरलो. आपण दोघंही शरमलो, आई. पण तुमच्यापेक्षा मला जास्त राग आला.

आमच्याकडे पुरुष कर्मचारी बायकांच्या बाजूला जात नाहीत. त्यामुळे सुरुवातीला तुमचं सगळं शोभाताईच बघायच्या. त्याच तुमच्या वॉर्डच्या प्रमुख. पंधरवडा गेला असेल. एक दिवस त्या माझ्याकडे आल्या. "तुझ्या सासूबाई तोंडच उघडत नाहीत रे. पाण्याला ठसका लागला एकदा, तेव्हापासून पाणीही नाही. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर नाकातून नळी." माझ्या बाजूला गिळायला त्रास असलेले तीन-चार आजोबा होते आणि त्यांना भरवायचं काम माझ्याकडे होतं. नव्या मुलांना ते मीच शिकवायचो. सुवर्णानं फोनवर एवढंच म्हटलं, "तू भरव ना रे. तुझ्या हातून कुणीही जेवतं."

तर त्या दुपारी मी आलो. तुम्हाला आठवत असेल. मला विसरता येत नाही.

सगळं बरोबर केलं मी आधी. पलंगाची पाठ उभी केली, तुम्हाला मागे सरकवून नीट बसवलं, उशी लावली, पाय टेकवले. पाण्यात घट्ट करायची पावडर घालून ते पेजेसारखं केलं, म्हणजे घशात एकदम उतरत नाही. अर्धा चमचा भरला, तुमच्या चांगल्या बाजूनं, डाव्या बाजूनं, ओठांपाशी नेला. "आई, पाणी देतोय. हनुवटी थोडी खाली घ्या."

तुम्ही ओठ घट्ट मिटलेत आणि तोंड फिरवलंत.

पुन्हा नेला. पुन्हा फिरवलंत. तिसऱ्यांदा तुमचा डावा हात वर आला आणि खांद्यापाशी काहीतरी चाचपडायला लागला. मला वाटलं, मला ढकलताय. आणि एवढ्या वर्षांचं सगळं वर आलं. ती पिशवीतली बाटली. झाकून ठेवलेलं ताट. माझी आई भायखळ्याला जायची ते. मी म्हटलं, तेही मोठ्यानं, बाजूच्या दोन्ही आज्यांना ऐकू जाईल असं, "आज कुठला वार आहे, आई? कसला उपास?"

आणि तुम्ही काहीतरी बोलायला ओठ उघडलेत, त्या फटीत मी चमचा ढकलला.

न सांगता. तुमची मान वळलेली असताना. जे आम्ही पहिल्या दिवशी पहिलं शिकतो, की सांगितल्याशिवाय माणसाला हात लावायचा नाही आणि नको म्हणणाऱ्याच्या तोंडात काही घालायचं नाही, ते मी केलं. तुम्हाला जो ठसका लागला, आई! डोळे पांढरे झाले, चेहरा काळानिळा. मी चमचा धरून तसाच बसून. शोभाताई धावत आल्या, तुम्हाला पुढे वाकवलं, तोंडातलं बाहेर येऊ दिलं, पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. श्वास लागला तसा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज न चढवता म्हणाल्या, "हे शिकवतोस तू नव्या पोरांना?"

त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन बसलो. ताप येतो का, छातीत घरघर होते का, संध्याकाळपर्यंत दर थोड्या वेळानं दारातून विचारत होतो. ताप आला नाही. सुवर्णाला मी सांगितलं, "आज जरा कमीच घेतलं." बस्स. एवढंच सांगितलं.

तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर मी घोकून ठेवलं होतं ना, पैसे घेऊन केलं म्हणजे काय? आता ऐका. पैसे घेऊन ज्यांचं करतो, त्यातल्या एकाही माणसावर मी कधी चमचा ढकलला नाही. एक आजोबा मला रोज शिव्या द्यायचे, थुंकायचे. मी हसून रुमाल पुढे करायचो. फुकट केलं, जेवणाच्या सुट्टीत, आपलं माणूस म्हणून केलं, तिथे मी असा वागलो. आपल्या माणसाचं करणं वेगळं, हे तुम्ही लालबागला म्हणाला होतात ते निम्मं खरं होतं, आणि ते खरं ठरवणारा मी निघालो. हे उत्तर तुम्हाला द्यायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी भरवायला आलो नाही. दाराशी उभा राहून बघत होतो. शोभाताई तुमचे केस विंचरत होत्या. तेवढ्यात संतोष आणि त्याचे सासरे भेटायला आले. पुरुषमाणूस आत शिरताना दिसताच तुमचा डावा हात वर आला, खांद्यापाशी चाचपडला, गाऊनच्या गळ्यावरून दोनदा फिरला आणि रिकामा खाली पडला. मग तोच पंजा तुम्ही तोंडाच्या लोंबलेल्या बाजूवर ठेवलात. तिथून लाळ गळत होती.

तेव्हा कळलं मला. तुम्ही पदर शोधत होतात.

आयुष्यभर नऊवारी नेसलेली बाई. जावई समोर आला की पदर पुढे ओढणारी. मी चहा पीत असताना तुम्ही पाठमोऱ्या का राहायचात, त्याचं एक कारण मी पक्कं धरून बसलो होतो. त्यात दुसरंही काही असेल, हे कधी डोक्यात आलं नाही. आमच्या केंद्राचा तो निळा गाऊन, त्याला ना पदर ना खिसा. त्यात तुम्हाला बसवून मी तुमच्या समोर, तोंडासमोर तोंड आणून, चमचा धरून बसलो होतो. वाकड्या झालेल्या तोंडातून पाणी ओघळणार, ते जावयानं बघायचं! तुम्ही ओठ मिटणार नाहीतर काय करणार?

की उपासही होता? दोन्ही होतं? खरं सांगतो, आई, मला अजून कळलेलं नाही.

घरी गेल्यावर सुवर्णाला म्हटलं, "आईंचं एखादं जुनं लुगडं दे." तिनं कारण विचारलं नाही. दुसऱ्या दुपारी त्यातला अर्धा भाग घडी घालून घेऊन आलो. तुम्ही मला बघताच डोळे मिटलेत. मी जवळ आलो नाही. म्हटलं, "आई, परवा माझं चुकलं. तुम्ही नको म्हटलं तर मी आत्ता जातो." तुम्ही डोळे उघडले नाहीत. मग म्हटलं, "हे तुमचं लुगडं आहे. खांद्यावर देऊ का?" तुमची मान हलली, इतकी कमी की दुसऱ्या कुणाला दिसली नसती. शोभाताईंनी ते तुमच्या डोक्यावरून घेऊन खांद्यावर आणलं आणि टोक तुमच्या डाव्या हातात दिलं. तुम्ही ते नाकापर्यंत ओढून घेतलंत.

मी खुर्ची समोरून काढून बाजूला घेतली, जरा मागे. तिथून तुमचा चेहरा पुरता दिसत नव्हता, पण गळा दिसत होता, आणि गिळलं की नाही ते कळायला गळाच दिसावा लागतो. "आई, पाणी." पदराखालून ओठ उघडले. अर्धा चमचा. गळा खालीवर झाला. थांबलो. "आ म्हणा." तुम्ही आ म्हणालात. आवाज कोरडा होता, घरघर नव्हती. मग दुसरा चमचा. ओघळायचं ते पदरातच टिपलं जायचं आणि तुमचं तुम्ही टिपायचात.

वाटी संपली. नळी टळली. शोभाताईंनी लांबून मान डोलावली. आणि मला, आई, मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगतो. घे. प्यायलीस शेवटी माझ्या हातचं पाणी. असं वाटलं मला. तू म्हटलं मी तुम्हाला मनात. ज्या बाईला दुसरा इलाजच नव्हता, जिला एका हातानं स्वतःचा ग्लासही धरता येत नव्हता, तिच्यावर मी जिंकलो म्हणून छाती फुगली. दारापर्यंत जाईतो तो आनंद टिकला असेल. नंतर रस्त्यात चालताना मला माझीच किळस आली.

त्यानंतर रोज दुपारी मी येत राहिलो. पेज, मऊ भात, कुस्करलेलं केळं. शेवटी गालात घास राहिला नाही ना ते बघायचो. आधी सांगायचो, तुम्ही पदर थोडा बाजूला करायचात, मी बघायचो, तुम्ही पुन्हा ओढून घ्यायचात. यात आपलं काही बोलणं व्हायचं नाही. बोलायचो तो मीच. सुवर्णाच्या दुकानातल्या गमती सांगायचो. तुमच्या चाळीचं काम कधी निघणार ते सांगायचो. तुम्हाला ऐकायला आवडतं की नाही, कोण जाणे.

एकदा गणपतीच्या दिवसांत निम्मा स्टाफ सुट्टीवर होता. तुम्ही खुर्चीतून घसरून अर्ध्या खाली आला होतात आणि शोभाताई एकट्या. त्यांनी मला हाक मारली. आलो तर गाऊन ओला झालेला, वर सरकलेला. तुमच्या डोळ्यांतून पाणी. मी आधी चादर टाकली तुमच्यावर. मग विचारलं, "आई, मी हात लावू का?" तुम्ही डोळे मिटलेत. ते हो होतं का? खाली पडून मांडीचं हाड मोडलं असतं, म्हणून मी हो धरलं. चादरीखालून हात घालून, शोभाताईंच्या एक-दोन-तीनवर, दोघांनी उचललं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. पलंगावर ठेवून लगेच बाहेर पडलो आणि शोभाताईंनी तुम्हाला कोरडं करून बोलावल्यावरच आत आलो. तुमच्या हाताशी लुगडं ठेवलं. "येतो," म्हटलं.

तुम्ही म्हणालात, "बस."

"बसा" म्हणायचं होतं? तुमच्या जिभेला शेवटचा स्वर धड निघायचा नाही. का "बस्स", पुरे झालं आता, जा? मी बसलो. सुट्टी संपेपर्यंत बसलो. विचारायचं मात्र धाडस झालं नाही. एकाच शब्दावर सगळं राहिलं होतं आणि चुकीचं उत्तर आलं असतं तर मला झेपलं नसतं.

दुसरा झटका आला तो सकाळी. इस्पितळात नेलं, सुवर्णा पूर्णवेळ तिथेच होती. तुम्ही शुद्धीवर आला नाहीत. तिला तुमच्याशी एक शब्दही बोलता आला नाही. त्यातूनच पुढचं घडलं, आणि खरं म्हणजे ते सांगायलाच मी एवढं लांबण लावलंय.

तुम्हाला पोचवून आलो त्या संध्याकाळी सुवर्णा स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. म्हणाली, "तू रोज जायचास. बोलायची का रे ती तुझ्याशी?"

मी म्हटलं, "बोलायच्या की. थोडं थोडं."

"काय बोलायची?"

तिचा चेहरा बघवत नव्हता. मी म्हटलं, "एकदा म्हणाल्या, मिलिंद, तुमच्या हातचं गोड लागतं."

ती इतकी रडली, आई. आणि रडता रडता हसली. "मिलिंद म्हणाली? नाव घेतलं तुझं?" मी मान हलवली. आता कसं मागे फिरणार? तिनं त्याच रात्री संतोषला फोनवर सांगितलं. संतोषनं बायकोला सांगितलं, तिनं तुमच्या धाकट्या बहिणीला, लालबागच्या मावशींना. तुमच्या दिवसकार्याला माणसं जमली तेव्हा ते वाक्य माझ्याकडेच परत आलं. "अगदी हात जोडून म्हणाली म्हणे." मी खाली बघत राहिलो, तर लोकांना वाटलं, मिलिंद लाजाळू आहे.

आणि गेल्या रविवारी मावशी आमच्या घरी आल्या. एकट्या, टॅक्सीनं, घोडपदेवला. तुमच्या माहेरचं माणूस आमच्या घरी जेवायला आलं हे पहिल्यांदाच. पिशवीत बाटली नव्हती. माझी आई भायखळ्याला निघाली होती, मावशींनी तिचा हात धरून बसवून घेतलं. ताट वाढलं तशा माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माझ्या भयणीक तुझ्या हातचा गोड लागायचा मां? मगे तूच वाढ."

सुवर्णानं भाताचं भांडं माझ्या हातात दिलं. तिच्या डोळ्यांत इतका अभिमान होता. माझी आई पदरानं डोळे टिपत होती. सांगायला हवं होतं, आई, की तुम्ही असं काही म्हणाला नव्हतात, ते मी तुमच्या तोंडी घातलंय, तेही तुम्हाला नको म्हणता येत नव्हतं तेव्हा. ओठांपर्यंत आलं होतं.

मावशींनी ताट पुढे केलं. मी मान खाली घातली आणि भात वाढला.